कमानीआधी जामिनाचं बघा : समाजसंस्थेच्या विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
पूर्व भागातील आपली समाजसंस्था, सोलापूर.

विषय : मालकांच्या नावाची कमान आणि गौरवग्रंथ.

सप्रेम नमस्कार.

गौरवग्रंथासाठी माहिती भरून द्यावी म्हणून आपण पाठवलेला छापील नमुना मिळाला. जन्मस्थळ, शिक्षण, भूषवलेली पदे, मिळालेले पुरस्कार, दिलेल्या देणग्या असे रकाने आहेत. सगळ्यात खाली 'समाजासाठी केलेले कार्य (थोडक्यात)' आणि त्यापुढे तीन ओळींची जागा. मला सांगायचं आहे ते त्या तीन ओळींत बसत नाही, म्हणून वेगळं पत्र लिहितो आहे. खुलं अशासाठी की यातला काही मजकूर ग्रंथात छापायला तुम्हाला जड जाईल, आणि तो कुठेतरी छापला जावा असं मला वाटतं.

वारलेल्या मालकांचं, म्हणजे आमच्या यंत्रमाग कारखानदारांचं, नाव मी लिहीत नाही. घरच्यांची तशी विनंती आहे, आणि पेठेत ज्याला कळायचं त्याला पहिल्या चार वाक्यांत कळेल.

मी त्यांच्याकडे दिवाणजी होतो. रोजमेळ, खतावणी, पगारपत्रक सगळं माझ्याकडे. पुढे संगणकावर हिशेबाचं टॅली आलं तेव्हा ते शिकलो. मी तुमच्या तेलुगू विणकर समाजाचा नाही. तेलुगू मला पुरती समजते, बोलायला गेलो की कारखान्यातली पोरं तोंड फिरवून हसतात. तरी नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाला आमच्या गल्लीतून जी वर्गणी जाते, तिचा हिशेब बरीच वर्षं माझ्या हातचा आहे. तेवढ्या हक्कानं बोलतो.

सोपे रकाने आधी भरून टाकतो. जन्म सोलापुरात, साखर पेठेत. शिक्षण मॅट्रिक, कुचन प्रशालेतून. गणितात चांगले, इंग्रजीत काठावर. पद एकच, तुमच्या संस्थेचे खजिनदार, आणि तेही मुदत संपायच्या आत सोडलं. मंडळाच्या जुन्या इतिवृत्तात त्याचं एक कारण लिहिलं आहे; खरं कारण पुढं सांगतो. पुरस्कारात शाली पुष्कळ मिळाल्या, त्या थंडीत रात्रपाळीच्या वॉचमनच्या अंगावर दिसायच्या. देणग्यांच्या पावत्या तुमच्याकडेच आहेत.

आता खालच्या तीन ओळी.

मालकांचे आजोबा करीमनगरकडून आले. इथं जुनी मिल होती. मोरारजी गोकुळदासांनी काढलेली आणि १८७७च्या सुमारास चालू झालेली ती गिरणी तुमच्या कितीतरी घरांच्या इतिहासातलं पहिलं पान आहे. निजामाच्या मुलखात दुष्काळ पडला की विणकरांची कुटुंबं सोलापूरची वाट धरायची. आजोबा गिरणीत लागले, मग घरी हातमाग टाकला, लुगडी विणली. वडिलांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे यंत्रमाग आणले. मालकांच्या हाती कारभार आला तेव्हा जेकार्डवरची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरची, चादर जोरात होती. त्यांनी माग वाढवले, एक शेड अक्कलकोट रस्त्याला टाकली. गोष्ट इतकी सरळ आहे की पूर्व भागातल्या कुठल्याही पाच कारखानदारांच्या घरात हीच सांगतील. यात गौरवावं असं मला काही दिसत नाही. मेहनत होती, नशीब होतं, आणि काळ बरा होता.

काळ बरा नव्हता तेव्हा मात्र मी त्यांना जवळून पाहिलं.

ज्यांनी कारखाना चालवला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सूत आणायचं ते रोखीनं किंवा मोठ्या मिनतवारीनं थोड्या दिवसांच्या उधारीवर. ते रंगाऱ्याकडून रंगून येतं, वार्पिंगला, म्हणजे ताणा लावायला जातं, ताण्याचा रूळ म्हणजे बीम भरते, मग मागावर चढतं. विणणाऱ्याला दर आठवड्याला पगार पाहिजे, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला पाहिजे, विजेचं बिल तारखेला पाहिजे. चादर तयार झाली की व्यापारी घेऊन जातो, आणि पैसे देतो तीन महिन्यांनी, चार महिन्यांनी, कधी दिवाळीनंतर. सुताचे पैसे द्यायची तारीख आणि चादरीचे पैसे मिळायची तारीख, या दोहोंच्या मधल्या फटीत कारखानदाराचा जन्म जातो. कापडधंद्यात नफा किती हे लोक विचारतात. आधी ती फट किती दिवसांची हे विचारायला पाहिजे.

सरकारनं आता नियम केला आहे की लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते केले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या वर्षी आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. नियम चांगला आहे. मालकांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावला आणि मग म्हणाले, "बरं हाय की. पण नोटीस धाडल्यावर पुढची ऑर्डर कोण देतंय?" नोटीस एकालाही गेली नाही. लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीला लावलं होतं, ते अजून आहे.

सोलापुरी चादर आणि टॉवेल, दोघांना भौगोलिक मानांकन मिळालं त्यालाही आता बराच काळ झाला. पेढे वाटले होते. त्यानंतरही पानिपतहून आलेला माल 'सोलापुरी' म्हणून देशभर विकला जातो, आणि आपल्याच गावातली काही दुकानं तो ठेवतात. ती कुणाची, हे मंडळातल्या दोघातिघांना माझ्यापेक्षा बरं माहीत आहे. असो.

१९९०च्या दशकात गावातल्या गिरण्या मोडकळीला आल्या आणि एकामागून एक बंद पडल्या. चाळिशी उलटलेले गिरणी कामगार काम मागत पेठेतून फिरायचे. मोठ्या मागावर काम केलेला माणूस आमच्या लहान शेडमध्ये बुजायचा. त्याला वेगळी सवय, वेगळा तोरा, आणि युनियनची भाषा तोंडात. बहुतेक कारखानदार त्यांना दारात उभं करत नसत. मालकांनी काही जण घेतले. उपकार म्हणून घेतले असं मी म्हणणार नाही, कारण त्यातले दोघे असे जॉबर निघाले की माग बिघडून पडून राहण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण घेताना हे ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबर २०१६मध्ये नोटा बंद झाल्या. आठवड्याचा पगार रोखीत व्हायचा. त्या महिन्यात पेठेत कितीतरी शेड थांबल्या. मालकांनी कामगारांची बँकेत खाती उघडायला मला बसवलं, आणि खाती उघडेपर्यंत किराणा दुकानदाराला सांगून ठेवलं की आमच्या माणसाला माल द्या, हिशेब माझ्याकडे. त्यानंतर २०१७च्या जुलैत जीएसटी आला. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि माग जे थांबले ते पहिल्यांदाच इतके दिवस थांबले. तेव्हा त्यांनी पूर्ण पगार दिला असं गौरवग्रंथाच्या कच्च्या मजकुरात कुणीतरी लिहिलंय. ते खोडा. पहिला महिना पूर्ण दिला, मग निम्मा, मग फक्त धान्य. त्यांच्याकडे होतं त्यातून तेवढंच निघत होतं. पगारपत्रकं माझ्या हातची आहेत, कुणीही बघावीत.

हे सगळं एका बाजूला. ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ती गोष्ट पुढं आहे.

त्यांच्या खासगी कपाटात एक लाल पुठ्ठ्याची वही होती. कारखान्याच्या हिशेबाशी तिचा संबंध नव्हता. पानावर पाच रकाने : नाव, पतसंस्था किंवा बँक, रक्कम, तारीख, आणि शेवटचा रकाना 'सुटलं'. मालक कुणाला कुठं जामीन राहिले त्याची ती वही. कर्ज फिटलं की शेवटच्या रकान्यात आडवी रेघ.

पतसंस्थेत दोन जामीनदार लागतात हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर आहेत. नोकरदार माणसाला सहकारी मिळतात, एकमेकांच्या कागदावर सह्या करतात. मागावर काम करणाऱ्याला कोण जामीन राहणार? त्याच्याकडे पगाराची स्लिप नाही, सातबारा नाही, भाड्याचं घर. आठवड्याला हातात पैसे येतात पण ते कुठल्याच कागदावर दिसत नाहीत. कर्ज फेडायची त्याची ताकद असते, फक्त ती पटवून देणारं कुणी नसतं. मग तो जातो खासगी सावकाराकडे, किंवा कारखानदाराकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत त्याच शेडला बांधला जातो. उचलीची ही पद्धत पेठेत घरोघर आहे. आमच्याकडेही होती. पण मोठी रक्कम मागायला कुणी आला की मालक म्हणायचे, "उचल नको. पतसंस्थेतनं घे, मी सही करतो." उचल दिली असती तर कामगार बांधलेला राहिला असता, त्यांच्या फायद्याचंच होतं ते. सही केल्यावर तो उद्या दुसरीकडे कामाला जायला मोकळा. गेलेही काही जण. गेल्यावर मालक दोन दिवस चिडचिड करायचे, पण सही मागं घ्यायला गेले नाहीत.

त्या वहीतून एका जॉबरनं दोन जुने माग विकत घेतले. आज त्याची आठ मागांची शेड आहे आणि तो आमच्याच मालाला स्पर्धा करतो. एका रंगाऱ्याच्या मुलीनं नर्सिंग केलं. एकानं रिक्षा घेतली. बंद गिरणीतल्या माणसाच्या पोरानं आयटीआय करून पुण्याजवळ चाकणला नोकरी धरली. एकानं कर्ज काढलं आणि पळून गेला. वसुली मालकांच्या खात्यातून झाली, व्याजासकट. तो पुढे कधीतरी परत आला तेव्हा कन्ना चौकात भर बाजारात मालकांनी त्याला असं झापलं की भाजीवाल्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्याच्या धाकट्या भावाला मग त्यांनी बराच काळ सही दिली नाही. भावाचा काय दोष, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तुमी हिशेब लिवा. हा त्यांचा स्वभाव होता, आणि तो ग्रंथात आला पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की कुण्या संतावर लिहिलंय.

मी एकदा विचारलं होतं, मालक, त्यापेक्षा देणगी देऊन मोकळं का होत नाही? डोक्याला ताप तरी नाही. ते म्हणाले, "देणगी दिल्यावर माणूस परत येत नाही बघा. जामीन राहिल्यावर हप्त्याच्या तारखेला तोंड दाखवतंय."

आता मुद्द्याचं. मी ती वही पहिल्या पानापासून पाहिली. त्यातली निम्म्याहून जास्त नावं तुमच्या समाजाबाहेरची आहेत. रंगारी मोमीन आहेत. अक्कलकोटकडचे कन्नड बोलणारे लिंगायत आहेत, बार्शीकडून आलेले मराठे आहेत, बुद्धविहाराजवळच्या वस्तीतले तिघे आहेत, माझ्या स्वतःच्या भाच्याचं नाव आहे. गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर तुम्ही 'समाजभूषण' छापणार आहात. छापा, माझी हरकत नाही. पण आतल्या यादीत समाजाचं मंगल कार्यालय, समाजाचं वसतिगृह, समाजाचा वधूवर मेळावा एवढंच आहे, आणि ही वही नाही. मालकांच्या हिशेबी समाज म्हणजे ज्याचा हात चादरीला लागतो तो प्रत्येक जण होता. बीम भरणारा, सूत रंगवणारा, माल टेम्पोत चढवणारा. जात त्यांना ठाऊक असायची. आपल्या गावात ती सगळ्यांनाच ठाऊक असते. सही करताना मात्र ते पाहायचे की माणूस कामाला वेळेवर येतो का, आणि दारू किती पितो.

सोलापूरला अशी माणसं नवी नाहीत. आप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेल्या इंद्रभुवनात आज महापालिकेचा कारभार चालतो; घरपट्टी भरायला गेलेला माणूस मान वर करून नक्षी बघतो. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी व्यापारी घरातले. त्यांनी १९४०च्या दशकात आपली मिळकत जुन्या जैन ग्रंथांच्या संशोधनासाठी आणि प्रकाशनासाठी देऊन टाकली, आणि सोलापुरात छापलेली ती पुस्तकं जगभरच्या अभ्यासकांच्या टेबलावर गेली. वालचंद हिराचंद १८८२ साली याच गावात जन्मले. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. त्यांच्या कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालं, तो दिवस देश अजून सागरी दिन म्हणून पाळतो. जहाजं झाली, विमानांचा कारखाना झाला, मोटारी झाल्या. पण स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या इथल्या पोराला विचारा. वालचंदांच्या जहाजापेक्षा त्यांच्या वडिलांच्या नावाचं हिराचंद नेमचंद वाचनालय त्याला जवळचं आहे. तिथं दारात कुणी आडनाव विचारत नाही. आपल्याच भागातल्या मार्कंडेय सहकारी रुग्णालयातही पेशंट कुठल्या समाजाचा हे केसपेपरवर लिहीत नाहीत. उभं केलं कुणी आणि उपयोगी पडतं कुणाला, यात एवढं अंतर असलं तरच त्याला सार्वजनिक काम म्हणावं, असं माझं मत आहे.

चार हुतात्मा चौकातून तुम्ही रोज जाता. १९३०मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉनंतर, म्हणजे लष्करी कायद्यानंतर, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्यात सारडा व्यापारी घरातले. चौघांच्या नावांवरून या गावाची रचना कळते. त्या चौघांची चार वेगवेगळी स्मारकं चार समाजांनी आपापल्या पेठेत बांधली असती तर कसं दिसलं असतं, याचा जरा विचार करा.

आता जे छापायला जड जाईल ते.

भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न निघाला तेव्हा मालक बाकीच्या कारखानदारांच्याच बाजूनं उभे राहिले. कामगारांची संख्या वीस झाली की कायदा लागू होतो, म्हणून एकाच छपराखाली फर्म वेगवेगळ्या : एक त्यांच्या नावानं, एक बायकोच्या, दोन मुलांच्या. मागांच्या मधून खडूची रेघ मारली की कारखाना दुसरा. हे सगळ्या पेठेनं केलं, त्यांनीही केलं. निधी भरला असता तर धंदा बसला असता असं ते म्हणायचे, आणि त्या फटीचा हिशेब मला ठाऊक असल्यानं ते अगदीच खोटं होतं असंही मला म्हणता येत नाही. पण त्यांच्याकडे जन्म काढलेले विणकर आज साठीनंतर दुसऱ्याच्या शेडवर वॉचमनचं काम करतात, हेही खरं आहे. ज्यांच्या कर्जाला ते जामीन राहिले त्यांच्या म्हातारपणाला राहिले नाहीत.

आणि बायका. चादरीच्या काठाची शिलाई, टॉवेलची कटाई-शिलाई घरोघरी जाते. डझनावर पैसे. त्या बायकांची नावं कुठल्याच पगारपत्रकात नाहीत. त्यांचा हिशेब मी एका वेगळ्या डायरीत ठेवायचो आणि तो 'किरकोळ खर्च' या नावाखाली जायचा. लाल वहीत बाईचं नाव जवळजवळ नाही. नवरा आला तर सही, बाई आली तर "घरी पाठव त्याला". घर बाईच्या शिलाईवर आणि विडी वळण्यावर चालायचं, नवऱ्याची आठवड्याची कमाई शनिवारी रात्रीच निम्मी व्हायची, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांच्या डोळ्यापुढच्या चौकटीत बाई कर्जदार म्हणून बसत नव्हती, एवढंच.

लाल बावट्याच्या कामगार संघटनेशी त्यांचं जन्मात पटलं नाही. संपात घोषणा झाल्या त्यात त्यांचंही नाव होतं, त्याचा राग शेवटपर्यंत राहिला. पण सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरं उभी राहिली तेव्हा मला घेऊन ते बघायला गेले. गाडी लांब लावली. सरळ ओळीतली ती घरं, दारातली नावं वाचत चालले होते. परत येताना म्हणाले, "बायकांच्या नावानं हाय की सगळं. हप्ते भरतात म्हणे." पुढं बोलले नाहीत. वहीत मात्र त्यानंतरही फरक पडला नाही.

थोरल्या लेकीचं सांगितलं पाहिजे. जेकार्डची डिझाईन ग्राफवर काढण्यात त्या मुलीचा हात वडिलांपेक्षा चांगला होता. मोर आणि वेलबुट्टी सोडून तिनं सोलापूरच्या गड्डा यात्रेतले नंदीध्वज काढले होते, ती चादर दोन वर्षं चालली. तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. कारखान्यात जागा मुलांना मिळाली. मोठ्याला धंद्यात रस नाही, त्यानं शेड गोदामाला भाड्यानं दिली आहे. भाडं चादरीपेक्षा बरं येतं, त्याला मी दोष देत नाही. धाकटा हैदराबादला संगणकात आहे. घरचा धंदा पुढच्या पिढीनं सांभाळला नाही म्हणून शोकसभेत तुमच्यापैकी एकानं हळहळ व्यक्त केली. सांभाळणारी होती. तिला कुणी विचारलं नाही.

आणखी एक. मालक माग खाली आणि घर वर असेच राहिले. जुळे सोलापूर या नव्या वस्तीत बंगला बांधा म्हणून मुलं मागं लागली, ते गेले नाहीत. रात्रपाळीचा आवाज बंद झाला तर झोप लागत नाही, म्हणायचे. तुमच्या कच्च्या मजकुरात या गोष्टीचं 'साधी राहणी' म्हणून कौतुक आहे. १८ मे २०२५च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले, कारखानदाराचं कुटुंब आणि कामगार एकाच इमारतीत. त्यानंतर हे कौतुक छापू नये असं मला वाटतं. कारखान्यावर घर हे पूर्व भागात परंपरेनं आलं आणि पैशाच्या तंगीनं टिकलं. खाली सूत, कापूस, तेल, जुनं वायरिंग, बाहेर पडायला एकच जिना. गौरवायची नाही, बदलायची गोष्ट आहे ही.

आता कमानीबद्दल. सभेत अंदाजपत्रक वाचून दाखवलंत. दगडी कमान, वर मालकांचा अर्धपुतळा, दोन्ही बाजूंना दिवे. पेठेत शिरायच्या रस्त्यावर आधीच तीन कमानी आहेत. चौथीखालून अग्निशामक दलाचा बंब वळेल का, एवढं तरी आधी मोजून घ्या.

माझी मागणी अशी आहे की कमानीसाठी जमलेला आणि जमणारा पैसा मुदतठेव म्हणून ठेवावा आणि त्या ठेवीच्या तारणावर यंत्रमागाशी संबंधित माणसांना लहान कर्ज मिळावं. मालकांची एक सही जे करायची ते संस्थेनं करायचं. तुम्ही म्हणाल, सार्वजनिक न्यासाला असं जामीन राहता येत नाही. सरळ राहता येत नसेल. १९५०चा विश्वस्त व्यवस्थेचा कायदा मीही थोडा वाचला आहे. धर्मादाय आयुक्तांकडे योजना मांडून परवानगी मागावी, आणि तिथं अडलं तर जामीन निधीसाठी वेगळी सहकारी संस्था नोंदवावी. पतसंस्था चालवणारी माणसं तुमच्यात इतकी आहेत की मार्ग सापडत नाही हे मी मान्य करणार नाही. कर्ज बुडेल ही भीती खरी आहे. वहीत बुडालेली खाती आहेत, पण बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळ्यांपुढं रेघ आहे.

कर्ज कुणाला, यात जातीचा रकाना असू नये. हे मान्य नसेल तर निधीला मालकांचं नाव देऊ नका, दुसरं कुणाचंही द्या. शिलाईच्या आणि विडीच्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या सहीवर कर्ज मिळावं. निर्णय घेणाऱ्या समितीत निदान दोन मागावरचे कामगार आणि एक शिलाईवाली बाई असावी, आणि थोरल्या लेकीला विचारावं; ती यायला तयार आहे, मी बोललो आहे. हिशेब दर तीन महिन्यांनी संस्थेच्या फलकावर लावावा. मालकांनी खजिनदारपद सोडलं ते याच एका मागणीवरून, हे इतिवृत्तात 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहिलं गेलं आहे. त्यांची प्रकृती तेव्हा ठणठणीत होती.

लाल वही घरच्यांनी माझ्याकडे सोपवली आहे. समितीला ती दाखवायला मी तयार आहे. नावांच्या रकान्यावर कागद चिकटवून आणीन. रकमा, तारखा आणि रेघा बघा. कोण होते ते विचारू नका. त्यातले काही जण आज तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात.

शेवटची विनंती सभेच्या वेळेची. मागची सभा कामाच्या दिवशी दुपारी चारला ठेवली होती. त्या वेळेला माग चालू असतात, त्यामुळे नेहमीचे दहाबारा चेहरे आले आणि कमान एकमतानं मंजूर झाली. पुढची सभा कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवावी आणि नोटीस तेलुगूत, मराठीत आणि कन्नडमध्ये शेडच्या दारांवर लावावी. चिकटवायला माणसं मी देतो.

कळावे,
आपला,
एक निवृत्त दिवाणजी
सोलापूर